पंपाला आधी पाजायचं

काकांचं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. दारात उभ्या गाड्यांत निम्म्या ॲम्बॅसेडर असायच्या. काका मला फक्त उतरवलेले पार्ट रॉकेलच्या घमेल्यात धुवायला द्यायचे. चाळीसेक वर्षांनी इंग्लंडमध्ये, ॲबिंग्डनपासून दहा-बारा मैलांवरच्या माझ्या घरी, १९६६ची एमजीबी घेऊन आलो आणि तिचं बॉनेट उघडलं, तेव्हा मला ते घमेलंच आठवलं. समोर ओळखीचं इंजिन होतं.

ओळखीचं म्हणजे एकाच घराण्यातलं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, म्हणजे बीएमसीचं, बी-सीरीज. ॲम्बॅसेडरमध्ये ते १४८९ सीसीचं, एमजीबीत १७९८. स्ट्रोक दोन्हींचा ८८.९ मिलिमीटर, बोअर तेवढा ७३ वरून ८०.२६ वर नेलेला. कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच अंगाला, ही ठेवणही तीच. फक्त इथं एसयूचे दोन कार्बोरेटर. एमजीबीची जन्मभूमी ॲबिंग्डनचा कारखाना. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या आणि १९८० च्या ऑक्टोबरात तो कारखाना बंद पडला. आज माझ्या बाजारहाटाच्या रस्त्यावरच ते गाव लागतं.

गाडी निळा धूर मारत होती. इंजिन तापलं की ऑइल प्रेशरचा काटा आयडलला जवळजवळ तळाला टेकायचा. दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज यायचा. पूर्ण इंजिन काम निघणार, गिअरबॉक्सही उघडावा लागणार, हे स्पष्ट होतं. मी इंजिन क्रेन भाड्यानं आणली. या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनंच बाहेर काढलेले बरे, कारण जागेवर ते एकमेकांपासून सोडवताना आणि परत जुळवताना जीव जातो. रेडिएटर उतरवून अख्खी जोडी तिरकी करत वर उचलली.

सिलिंडरना काठ पडले होते. चाळीस थाऊ बोअर करून नवे पिस्टन घेतले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. उद्यमनगरातले टर्नर याच मापात बोलायचे. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा कडक धातूच्या बसवून घेतल्या. पूर्वी पेट्रोलमधलं शिसंच सीटा जपायचं. ते पेट्रोल इथं १९९९ च्या शेवटी बंद झालं.

क्रँक दहा थाऊ ग्राइंड करून आला तेव्हा आरशासारखा चमकत होता. ज्या दुकानात काम दिलं होतं त्यांनी तो धुऊन दिल्याचं सांगितलं. तरी मी प्रत्येक ऑइलच्या भोकातून बारीक ब्रश फिरवला आणि तो राखाडी चिखल घेऊन बाहेर आला. ग्राइंडिंगची पूड. ती तशीच राहिली असती तर नवे बेरिंग शेल पहिल्या तासाभरातच खरवडून निघाले असते. मला त्या दुकानाचा खरंच राग आला. मी पॅराफिनमध्ये, म्हणजे आपल्या रॉकेलमध्येच, तो क्रँक तीनदा धुतला. पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत थांबलो नाही.

मग बेरिंगचं अंतर. त्यासाठी मेणाचा एक अगदी बारीक धागा मिळतो. तो जर्नलवर आडवा ठेवायचा, कॅप बसवून टॉर्क पान्यानं सत्तर फूट-पौंडांना आवळायची, क्रँक जराही हलू द्यायचा नाही. कॅप उघडली की धागा चपटा झालेला दिसतो. पट्टी जितकी रुंद, तितकं अंतर कमी. पाचही मेन बेरिंगांना दीड ते दोन थाऊच्या दरम्यान आलं. एवढा वेळ मी श्वासही हळूच घेत होतो.

गिअरबॉक्सनं दोन शनिवार घेतले. १९६६च्या या बॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो नाहीच. दुसऱ्याची पितळी रिंग झिजून गुळगुळीत झाली होती, ले-शाफ्टवर खड्डे पडले होते. सिंक्रो हबमध्ये स्प्रिंगवर बसलेल्या बारीक गोळ्या असतात. हब बाजूला सरकला की त्या बंदुकीसारख्या उडतात, म्हणून हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काम केलं. जोडताना खालचा गिअरचा संच आधी केसच्या तळाशी आडवा टाकायचा, मेन शाफ्ट आत घालायचा, मग संच उचलून त्यातून ले-शाफ्ट ढकलायचा. थ्रस्ट वॉशर ग्रीसनं चिकटवलेले. एक सुटला तर सगळं परत बाहेर. माझा सुटला, आणि मी परत सगळं बाहेर काढलं.

इंजिन गाडीत बसल्यावर प्लग काढून स्टार्टर मारला. ऑइल भरलेलं, फिल्टर नवा. काटा शून्यावर. दहा सेकंद, थांबून परत दहा. शून्यच. इतक्या महिन्यांचं काम कोरडं फिरतंय, या विचारानं हात गार पडले. मी काकांना फोन लावला. ते आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत.

"काका, प्रेशर येईना."

"पंप बसवून किती दिवस झाले?"

"दोन महिने. इंजिन स्टँडवरच होतं."

"मग हवा धरलीय त्यानं. पंचगंगेवरची आपली मोटार आठव. फूट व्हॉल्व्ह गळला की वरनं पाणी ओतल्याशिवाय उचलत होती का? पंपाला आधी पाजायचं, लेका. तू त्याला कोरडाच पळवतोयस."

ब्लॉकच्या मागच्या बाजूनं ऑइल कूलरचा पाइप निघतो. तो सोडून त्या भोकात छोट्या नरसाळ्यानं ऑइल ओतत राहिलो. काकांनी सांगितल्याप्रमाणे टॉप गिअर टाकून गाडी हातभर मागं ढकलली. इंजिन उलटं फिरलं तसं ऑइल गुडूप करून आत ओढलं गेलं. आणखी ओतलं. पाइप आवळला, स्टार्टर मारला. चार सेकंद काहीच नाही. मग काटा थरथरला आणि एका दमात साठावर गेला.

"आलं, काका."

"आता प्लग लाव आणि चालू कर. मी आहे फोनवर."

कॅमशाफ्ट नवा होता, त्यामुळे इंजिन सुरू झाल्यापासून वीस मिनिटं अडीच हजार आरपीएमच्या आसपास धरून ठेवायचं होतं. आयडलला सोडलं तर नवे कॅम आणि टॅपेट एकमेकांना खातात. फोन बॅटरीजवळ ठेवला. वीस मिनिटं काका काही बोलले नाहीत. मी इंजिन बंद केलं तेव्हा ते म्हणाले, "तिसऱ्याचा एक टॅपेट वाजतोय. उद्या गार झाल्यावर हेड परत आवळ, मग पंधरा थाऊनं सगळे लाव."