दोघांनाही इंग्रजी येत असताना

वेल्श भाषेच्या ‘कानोल्राद’ परीक्षेत तोंडी चाचणी सुरू होते, तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसांना उत्तम इंग्रजी येत असतं. परीक्षकाला येतं, परीक्षार्थीला येतं, बाहेर नावं पुकारणाऱ्यालाही येतं. जपानी शिकणारा माणूस तोक्योच्या स्टेशनात कधीतरी खरोखर अडतो आणि त्या अडण्यातून शिकतो. वेल्श शिकणारा मात्र कुठेच अडत नाही, कारण वेल्श बोलणारी जवळजवळ सगळी प्रौढ माणसं इंग्रजीही तितक्याच सहज बोलतात. त्यामुळे मध्यम पातळीची ही परीक्षा देणाऱ्याला आधी स्वतःसाठी गरज उभी करावी लागते. व्याकरण, शब्दसंग्रह, जुन्या प्रश्नपत्रिका हे सगळं त्यानंतर.

कार्डिफमधल्या एका रुग्णालयात फार्मासिस्ट असलेली, मूळची साताऱ्याची एक बाई सध्या या परीक्षेच्या तयारीत आहे. तिला ही गरज वॉर्डात सापडली. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची नंतर शिकलेली भाषा बरेचदा आधी हातातून निसटते आणि लहानपणीची भाषा टिकून राहते. कार्मार्थन किंवा अँगलसीकडचं एखादं आजोबा-आजीचं वय झालेलं माणूस गोळ्यांबद्दलच्या इंग्रजी प्रश्नाला वेल्शमध्ये उत्तर देतं, तेव्हा समोरच्याला ते समजावं लागतं. वेल्सच्या आरोग्यसेवेचं धोरणही असं की रुग्णाने मागण्याची वाट न बघता वेल्शमधून सेवा आपण होऊन देऊ करायची. वेल्श येणारे कर्मचारी नारिंगी रंगाचा बिल्ला लावतात. शिकणाऱ्यांसाठी ‘दस्गूर’, म्हणजे विद्यार्थी, असं लिहिलेला वेगळा बिल्ला मिळतो. तिच्या कोटावर तो आहे.

प्रौढांसाठीच्या परीक्षांच्या पायऱ्या चार: मनेद्याद, सल्वाइन, कानोल्राद आणि उख. युरोपीय मोजपट्टीवर कानोल्राद म्हणजे ‘बी-वन’. परीक्षा घेते सीबीएसी ही वेल्सची परीक्षासंस्था. अभ्यासवर्गांची सूत्रं २०१६ पासून एका राष्ट्रीय केंद्राकडे आहेत. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही अंगांची तपासणी होते.

यातली तिसरी पायरी सगळ्यांत एकाकी. पहिल्या पायरीवर ‘बोरे दा’, म्हणजे सुप्रभात, म्हटलं तरी लोक कौतुक करतात. तिसरीवर आलेला माणूस पूर्ण वाक्यात प्रश्न विचारतो, म्हणून समोरचाही पूर्ण वेगाने उत्तर देतो, आणि शिकणारा क्षणभर चाचपडला की तोच भला माणूस त्याची अडचण नको म्हणून इंग्रजीवर जातो. हे तिने दुसऱ्या बाजूने अनेकदा पाहिलेलं आहे. मुंबईत किंवा पुण्यात बाहेरून आलेला कुणी अडखळत मराठी बोलायला लागला की मराठी माणूस लगेच हिंदीत उत्तर देतो. त्यात तुसडेपणा नसतो, उलट सौजन्यच असतं. पण त्या सौजन्यापायी कितीतरी जणांचं मराठी दुसऱ्या वाक्यापाशी थांबलं असेल. कार्डिफच्या बेकरीत तीच वेळ आपल्यावर आल्यावर तिला ते पहिल्यांदा लागलं.

गेली साठ वर्षं हा सगळा देशच गरज निर्माण करण्याच्या कामाला लागलेला आहे. १९११ च्या जनगणनेत वेल्समधले ४३.५ टक्के लोक वेल्श बोलत होते. २०२१ मध्ये हे प्रमाण १७.८ टक्क्यांवर आलं, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार माणसं. १८४७ च्या सरकारी अहवालाने वेल्श भाषेला मागासपणाचं मूळ ठरवलं होतं, आणि त्या शतकात कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. १९६२ मध्ये सॉन्डर्स लुइस यांनी रेडिओवरच्या भाषणात बजावलं की असंच चाललं तर एकविसाव्या शतकाच्या आरंभी ही भाषा संपेल. त्याच वर्षी भाषेसाठी लढणारी तरुणांची संघटना उभी राहिली. रस्त्यांवरच्या फक्त इंग्रजी असलेल्या पाट्यांना रंग फासून तुरुंगात जाणारे त्यातलेच. १९८० मध्ये ग्विन्वोर एव्हान्स यांनी वेल्श दूरचित्रवाहिनीचं दिलेलं वचन सरकारने पाळलं नाही तर आमरण उपोषणाची घोषणा केली; सरकार नमलं, आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘एस-फोर-सी’ सुरू झाली. कायदे आले १९६७ आणि १९९३ मध्ये. २०११ मध्ये वेल्शला वेल्समध्ये अधिकृत दर्जा मिळाला. आता २०५० पर्यंत दहा लाख भाषकांचं उद्दिष्ट सरकारने ठेवलं आहे, आणि ते फक्त घरात जन्मलेल्या भाषकांच्या जोरावर गाठता येणार नाही. संध्याकाळच्या वर्गात बसलेल्या प्रौढांचा त्यात हिशेब आहे.

लीन द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरचं नांत ग्वर्थेर्न हे या कामाचं सगळ्यांत देखणं उदाहरण. दगडखाणीच्या कामगारांसाठी बांधलेलं हे गाव खाणी बंद पडल्यावर ओस पडलं. १९७८ मध्ये एका विश्वस्त संस्थेने ते विकत घेतलं, घरं दुरुस्त केली, आणि तिथे वेल्शचे निवासी वर्ग सुरू झाले. तीव्र उताराच्या वळणावळणाच्या रस्त्याने खाली उतरलं की समोर समुद्र आणि भोवती शिकणारे आणि शिकवणारे. तिथे नाश्ता वेल्शमध्ये मागायचा असतो. कानोल्रादच्या विद्यार्थ्याला असे चार-पाच दिवस जे देतात ते वर्षभराच्या साप्ताहिक वर्गातून मिळत नाही, असं तिचं ठाम मत आहे.

आता व्याकरण. वेल्श म्हटलं की शिकणारा आधी ‘त्रेग्लाद’ला घाबरतो. वाक्यातल्या आधीच्या शब्दामुळे पुढच्या शब्दाचं पहिलं व्यंजन बदलतं, त्याला त्रेग्लाद म्हणतात. मांजर म्हणजे ‘काथ’. त्याची मांजर ‘ई गाथ’, तिची मांजर ‘ई खाथ’, माझी मांजर ‘व ङ्हाथ’. त्याची आणि तिची, दोन्हींना ‘ई’च, मालक बाप्या की बाई हे मांजरीच्या पहिल्या अक्षरावरून ओळखायचं. इंग्रजीतून आलेल्या विद्यार्थ्यांना हे तक्ते करून पाठ करावे लागतात. वर्गात प्रत्येकाच्या वहीच्या मागच्या पानावर तो तक्ता असतो.

साताऱ्याच्या बाईला तक्ता लागला नाही, कारण तो तिने पहिलीतच पाठ केला होता. अनुनासिक त्रेग्लादात क आणि ग यांच्या जागी ङ येतो, त आणि द यांच्या जागी न, प आणि ब यांच्या जागी म. प्रत्येक व्यंजन आपल्याच वर्गाच्या अनुनासिकाकडे जातं! आपल्या वर्णमालेच्या ओळी इथे वेल्श व्याकरणात जशाच्या तशा उभ्या आहेत. ‘मध्ये’ या अर्थाचा ‘अन’ हा शब्दही पुढच्या वर्णाप्रमाणे बदलतो: कार्डिफमध्ये ‘अङ् ङ्हायर्दीद’, बँगोरमध्ये ‘अम् माङ्गोर’, दिन्बिख गावात ‘अन् निन्बिख’. पंकजमधला अनुस्वार ङ होतो, पंपमधला म् होतो, दंतमधला न् होतो, तोच परसवर्णाचा नियम. क, प, त यांचं अनुनासिक होताना त्याला हकारही चिकटतो. ‘माझं डोकं’ म्हणजे ‘व म्हेन’, ‘माझे वडील’ म्हणजे ‘व न्हाद’. शब्दारंभी म्ह आणि न्ह म्हणताना तिच्या शेजारच्या मुलीची जीभ अडते. म्हैस आणि न्हावी म्हणत वाढलेल्या बाईला तो उच्चार अगदी तोच नसला तरी पुष्कळ जवळचा वाटतो. मृदू त्रेग्लादातही तसंच. कठोराचा मृदू होतो, क चा ग, त चा द, प चा ब. वागीश आणि जगदीश हे शब्द ज्याला फोडून दाखवता येतात त्याला यात नवल वाटू नये. शाळेत संधी सोडवताना याचा पुढे काय उपयोग असं विचारणाऱ्या प्रत्येक मुलाला हे सांगायला हवं.

याचा खरा कस लागतो कानोल्रादमध्ये, कारण या पातळीवर कर्मणी रचना येते आणि तिच्यात त्रेग्लाद खच्चून भरलेले असतात. ‘माझा जन्म झाला’ हे वेल्शमध्ये ‘मला माझं जन्मणं मिळालं’ अशा बांधणीने सांगतात: ‘केस ई व ङेनी’. त्याचा जन्म झाला, ‘कावोद ए ई एनी’. मूळ ‘गेनी’मधला ग चक्क गळून गेला. तिचा जन्म झाला, ‘कावोद ही ई गेनी’. ग परत आला. स्वतःची ओळख करून द्यायला, एखाद्या प्रसिद्ध माणसाबद्दल चार ओळी लिहायला, घर कधी बांधलं गेलं ते सांगायला, सगळीकडे हीच रचना.

आणि हो, शब्दकोश. वाक्यात ‘ङेनी’ किंवा ‘एनी’ ऐकलं तरी शोधायचं ‘गेनी’खाली. म्हणजे त्रेग्लाद उलटा फिरवता येईपर्यंत शब्दकोशही उघडता येत नाही. त्यात वेल्श वर्णक्रम वेगळा. ‘ङ’साठीचं ‘ng’ हे जोडअक्षर स्वतंत्र वर्ण म्हणून ‘ग’नंतर येतं. मेघालयातल्या खासी भाषेच्या वर्णमालेतही ते नेमकं तिथेच आहे, कारण १८४१ मध्ये चेरापुंजीला पोहोचलेल्या थॉमस जोन्स या वेल्श मिशनऱ्याने खासी लिहिताना आपल्या मातृभाषेची लेखनपद्धती वापरली.

मराठीचा आधार आणखी काही ठिकाणी मिळतो. वेल्शमध्ये होकाराला एकच शब्द नाही. प्रश्नातलं क्रियापद आणि काळ बघून उत्तर द्यावं लागतं. “येतोस?” “येतो.” “जेवलास?” “जेवलो.” अशी उत्तरं आपण दिवसभर देत असतो, त्यामुळे तिचं इथे अडलं नाही. ‘माझ्याकडे गाडी आहे’ ही रचना तिथेही आहे, आणि भीती, सर्दी, तहान या गोष्टी तिथेही माणूस करत नाही, त्या त्याच्यावर येतात. तू आणि तुम्ही यांसाठी ‘ती’ आणि ‘खी’ आहेत, आणि वॉर्डात कुणाला काय म्हणायचं हे तिला शिकवावं लागलं नाही.

आधार संपतो तो कानाच्या परीक्षेत. उत्तरेची आणि दक्षिणेची वेल्श निराळी. कानोल्रादची पाठ्यपुस्तकंही दोन आवृत्त्यांत निघतात. दक्षिणेत दूध ‘लाएथ’, उत्तरेत ‘लेव्रिथ’. दक्षिणेत आत्ता म्हणजे ‘नाउर’, उत्तरेत ‘रूआन’. आजी दक्षिणेत ‘मामगी’, उत्तरेत ‘नाइन’. पुस्तक आपल्या भागाचं घेता येतं, रेडिओ नाही घेता येत. ‘रेडिओ कम्री’वर ग्विनेदचा शेतकरी आणि स्वान्झीचा प्राध्यापक एकाच कार्यक्रमात बोलतात, आणि तिने ठरवून तेच ऐकायला घेतलं. सकाळचं बातमीपत्र ती दोनदा ऐकते: पहिल्यांदा काहीही न लिहिता, दुसऱ्यांदा फक्त आकडे, गावं आणि माणसांची नावं टिपत. बातमी काय आहे हे त्या तीन गोष्टींवरून बऱ्यापैकी उभं राहतं, आणि प्रत्येक शब्द पकडण्याची घाई सुटते. घाई सुटली की शब्दही आपोआप जास्त कळतात, असा तिचा अनुभव.

लेखनासाठी ती रोज एक छोटं पत्र लिहिते. स्थानिक परिषदेला तक्रार, मैत्रिणीला आमंत्रण, वर्तमानपत्राला मत. विषय मुद्दाम साधे, कारण या पातळीवर कस विचारांच्या खोलीचा नसतो. ‘मला वाटतं की’, ‘असं असतं तर मी’, ‘तो म्हणाला की’ ही गौण वाक्यं न तुटता जोडता येतात का, हे पाहायचं असतं. ‘की’साठी साध्या वाक्यात एक रचना आणि एखाद्या शब्दावर जोर असेल तर दुसरी, त्यातही उत्तरेला ‘माइ’ आणि दक्षिणेला ‘ताउ’. मराठीत ‘तोच आला’ म्हणताना एका ‘च’ने काम होतं, इथे वाक्याचं तोंडच बदलावं लागतं. हे अजून तिच्या हाती पुरतं आलेलं नाही, आणि त्यासाठी लिहिण्याखेरीज उपाय नाही.

बोलण्याचा सराव ती दर आठवड्याला एका निवृत्त शिक्षकांबरोबर करते. ते कार्मार्थनकडचे, ऐंशीच्या घरातले. त्यांनी पहिल्या भेटीतच ‘ती’ म्हणायला सांगितलं. तिला ते जमत नाही, ती ‘खी’वरच ठाम आहे, आणि आता त्यांनी तो विषय सोडून दिला आहे. दोघांमध्ये एकच करार आहे: शब्द अडला तरी इंग्रजी नाही. मग औषधाच्या बाटलीवरचं झाकण वेल्शमध्ये वर्णन करून सांगावं लागतं, हातवारे करावे लागतात, ‘परत सांगा’, ‘जरा सावकाश’, ‘म्हणजे काय’ ही वाक्यं वापरावी लागतात. ही तीन वाक्यं तिने इतकी घोटली आहेत की ती विचार न करता तोंडात येतात, कारण बेकरीतला माणूस इंग्रजीवर जाण्याआधीचा जो अर्धा क्षण असतो तो याच वाक्यांनी भरून काढता येतो. त्रेग्लाद चुकला तर आजोबा थांबवत नाहीत. पुढच्या वाक्यात तेच रूप बरोबर वापरतात, आणि बरेचदा तिच्या ते लक्षात येतं.

परीक्षा जूनमध्ये आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती रजा टाकणार नाही, असं तिने ठरवलंय. वॉर्डातल्या फेऱ्या चुकवल्या तर सरावच चुकेल. सप्टेंबरपासूनच्या उख वर्गाची नावनोंदणी निकालाआधीच सुरू होते, आणि तिचा अर्ज भरून झाला आहे.