हात आधी, सूर नंतर

शनिवार, 12 एप्रिल 2025. कळमनुरी
रात्रभर जागर झाला आणि सूर्योदयाला हनुमान जन्माचा गुलाल उधळला. लय वाढवायची असली की मृदंगाचार्य आधी मान उचलतात, टाळकऱ्यांची नजर तिकडे जाते आणि मगच टाळांची गती बदलते. हे आज नीट पाहिले.

दुपारी वाद्यवृंदसंचालक झुबीन मेहतांची श्रीनगरची मैफल लावली. सप्टेंबर 2013, शालिमार बाग, बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रा आणि बेथोव्हनची पाचवी सिंफनी. ही सिंफनी सुराने नव्हे, क्षणभराच्या विरामाने सुरू होते. त्या विरामावर मेहतांचा हात पडतो आणि मग ते प्रसिद्ध चार सूर येतात. वादकांना जे वाजवायचे आहे ते त्यांनी क्षणभर आधी ऐकलेले असते.

गुरुवार, 17 एप्रिल. कळमनुरी
मेहतांचे हे ऐकणे घरातच सुरू झाले. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत झुबीनचा जन्म झाला. तालमी ऐकतच मुलगा वाढला. मधे डॉक्टर व्हायचे ठरले होते. पण 1954 मध्ये, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला गेला. हान्स स्वारोव्स्की गुरू मिळाले. चार वर्षांनी लिव्हरपूलची संचालनस्पर्धा जिंकली.

गुरुवार, 24 एप्रिल. नर्सी नामदेव
एकादशी. भजनात मी मागच्या रांगेत उभा राहिलो. पुढे चाल म्हणणारे दिसतात, मागून धृपदाचा भार कळतो. मेहता व्हिएन्नात डबल बास शिकले, हे तिथे आठवले. वाद्यवृंदातले ते सर्वात खर्जातले तंतुवाद्य. त्याच्यावर लोकांचे लक्ष क्वचित जाते, पण सगळ्या सुरांना आधार त्याचा. तळापासून ऐकायची सवय असलेल्या माणसाने पुढे 1962 ते 1978 लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक आणि त्यानंतर 1991 पर्यंत न्यूयॉर्क फिलहार्मोनिक सांभाळला. रविशंकरांचा दुसरा सतार-कन्चेर्तोही त्यांनीच संचालित केला. सतारीचा श्वास त्या मोठ्या वाद्यवृंदात दबू द्यायचा नाही, हे फार अवघड काम.

मंगळवार, 29 एप्रिल. हिंगोली
आज मेहतांना एकोणनव्वद वर्षे पूर्ण झाली. इस्रायल फिलहार्मोनिकशी पन्नास वर्षांचे नाते 2019 मध्ये निवृत्तीपर्यंत टिकले. 2001 मध्ये पद्मविभूषण मिळाले. मला सर्वात मोलाचे वाटते ते मुंबईतले मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन, कारण तिथे लहान मुले शिकतात.

आमच्या जिल्ह्यात गावोगाव भजनी मंडळे आहेत. मुलांना टाळ धरायला शिकवतो, दुसऱ्याचा टाळ ऐकायला मात्र मुद्दाम शिकवत नाही. आषाढीसाठी नर्सीहून नामदेवरायांची पालखी निघण्याआधी आमच्या मुलांचा सराव घ्यायचा आहे. दर वेळी एकाने टाळ खाली ठेवायचा, सगळ्यांचे ऐकायचे आणि कुणाची लय पुढे पळते ते सांगायचे. उद्यापासून हाच नियम.