दिंडोरीहून दोन वाटा

दोस्तांनो, सुट्टीत गाडीने भटकायला जायचं ठरलं की आपण आधी विचारतो, "किती किलोमीटर?" यंदा दुसरा प्रश्न विचारा. "इथलं पाणी कुठे जातं?" भारताचा नकाशा जमिनीवर पसरा, नाशिकच्या उत्तरेला दिंडोरी शोधा आणि आई-बाबांनाही जवळ बसवा.

दिंडोरी तालुक्यात कादवा नदी वाहते. तिच्यावर करंजवण आणि पालखेड ही धरणं आहेत. तालुक्यातल्या प्रसिद्ध द्राक्षबागा याच पाण्यावर फुलतात. कादवा पूर्वेकडे जाते, गोदावरीला मिळते आणि हे पाणी थेट बंगालच्या उपसागरात पोचतं. पण वणीच्या पुढे सह्याद्री ओलांडला, की पाणी पश्चिमेला वळतं आणि अरबी समुद्र गाठतं. डोंगराच्या दोन बाजूंना पडलेले पावसाचे दोन थेंब, आणि त्यांचे समुद्र वेगळे! गंमत आहे ना? आपली सहलही या दोन वाटांनीच करू या.

पहिला दिवस कादवेचा. पिंपळगाव बसवंत, निफाड करत पन्नासेक किलोमीटरवर नांदूर मध्यमेश्वर येतं. इथे कादवा आणि गोदावरी एकत्र येतात. इंग्रजांच्या काळात इथे बंधारा बांधला, गाळ साठत गेला, उथळ पाणी पसरलं आणि पक्ष्यांना घर मिळालं. १९८६ साली हे अभयारण्य झालं. २०१९ साली त्याचा रामसर यादीत समावेश झाला. पाणथळ जागा जपण्यासाठी इराणमधल्या रामसर गावी १९७१ मध्ये करार झाला होता, त्यावरून हे नाव पडलं. महाराष्ट्रातली ही पहिली रामसर जागा! चापडगावच्या मनोऱ्यावरून सकाळी लवकर बघा. चित्रबलाक, चमचा, चक्रवाक दिसतील. आणि काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा लावलेला वारकरी पक्षी तर नक्कीच ओळखाल! डिसेंबर-जानेवारीत पाहुणे पक्षी भरपूर असतात.

मुक्कामाला दिंडोरीला परता. दुसऱ्या दिवशी पश्चिमेची वाट. वणीला सप्तशृंगीचा डोंगर डोळे भरून पाहा. मग सुरगाणा तालुक्यातला हातगड किल्ला, सापुतारा आणि खाली वघई. हे अंतर सुमारे ११० किलोमीटर, पण घाट आहे, तेव्हा चार तास हाताशी ठेवा. सापुताऱ्याला आपण गुजरातेत शिरतो, तरी तिथल्या डांगी बोलीत ओळखीचे मराठी शब्द कानावर येतील.

वघईजवळ वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे. साग, बांबू आणि अंबिका नदी. एकेकाळचं हे संस्थानी जंगल १९७९ साली राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्रफळ किती? जेमतेम २४ चौरस किलोमीटर. म्हणजे पाच किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद एवढंही नाही! एकट्या वाघालासुद्धा फिरायला याहून मोठं रान लागतं. आजूबाजूचं जंगल तुटत गेलं आणि गेल्या शतकाच्या अखेरीस इथला वाघ नाहीसा झाला. बिबट्या आणि चौसिंगा अजून आहेत. ते टिकतील का, हे पुष्कळसं माणसांवरच आहे.

म्हणून बेत आखतानाच काही गोष्टी वहीत लिहा. उद्यानात जायला वन खात्याची परवानगी लागते. ती कुठे मिळते आणि कोणत्या महिन्यांत उद्यान बंद असतं, हे आधी विचारून घ्या. घाट उजेडातच उतरा. अंधारात प्राणी रस्ता ओलांडतात, म्हणून जंगलात गाडी सावकाश चालवायला बाबांना सांगा. (हे काम तुमचं!) हॉर्न नको, टेप नको, माकडांना खाऊ नको. दुर्बीण, पाण्याच्या बाटल्या आणि कचरा परत आणायला एक पिशवी मात्र हवीच.

आणि दिंडोरीकर मुलांनो, तुमच्यासाठी एक जास्तीची गोष्ट. तुमच्या नदीतून जे वाहत जातं, ते खाली त्या पक्ष्यांपर्यंत पोचतं. द्राक्षांची बाग आणि चित्रबलाकाचं तळं एकाच पाण्यावर जगतात. नदीत काय टाकायचं नाही, हे घरच्यांना पटवून द्यायला सहलीची वाट बघायला नको. ते आजपासूनच सुरू करता येईल.

तर मग नकाशावर निळ्या पेन्सिलीने कादवा आणि अंबिका रंगवून ठेवा. तारीख आई-बाबा ठरवतील!