थरथरणारी आठशे

जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीचा नेहमीचा आजार: सिग्नलला उभी केली की थरथरते, मध्येच बंद पडते, आणि रेस दिली की एकदम शहाणी! आमची १९९८ची मारुती ८०० तेच करत होती. मेकॅनिक म्हणाला, "कार्बोरेटर बदला." बाबा म्हणाले, "त्यापेक्षा विकूनच टाकू."

म्हटलं, आधी डीबगिंग करू. एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

७९६ सीसीचं इंजिन, तीन सिलिंडर. इंजिन बंद करून एकेका प्लगची कॅप काढली आणि पुन्हा सुरू करून पाहिलं. तिन्ही वेळा थरथर सारखीच वाढली. म्हणजे तिन्ही सिलिंडर कामावर हजर!

मग उरली हवा. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ओढ जबरदस्त. बारीक चिरेतून शिरलेली हवाही मिश्रण बिघडवते. रेस दिल्यावर आत इतकी हवा जाते, की ही चोरटी हवा जाणवतच नाही. आमच्या गाडीचं लक्षण अगदी हेच.

पकडीने एकेक व्हॅक्यूम पाइप हलकेच दाबत गेलो. तिसरा दाबला आणि इंजिन शांत! वयानं रबर टोकाला तडकलं होतं. नाना पेठेतून नवा पाइप आणून बसवला, किरकोळ पैशांत काम झालं. बाबांनी स्वतः चक्कर मारून खात्री करून घेतली.

असो. तुमची म्हातारी थरथरत असेल, तर पार्ट बदलण्याआधी पाइप दाबून बघा.