पुढच्या वर्षीची मॅच

ऑफिसला जाताना बालेवाडी स्टेडियम लागतं आणि मला अकोल्याचे बाबा आठवतात. हिवाळा लागला की त्यांचा फोन यायचा, "काय रे बापू, टेनिस कधी हाये यंदा?"

ही एटीपी टूरची स्पर्धा १९९६ला दिल्लीत सुरू झाली आणि १९९७ ते २०१७ चेन्नईत रमली. तिथे पेस-भूपती जोडीने पाच वेळा दुहेरी जिंकली. त्या मॅचेस बाबांनी टीव्हीवर पाहिल्या होत्या. २०१८ला ती 'महाराष्ट्र ओपन' होऊन पुण्यात आली, तेव्हा त्यांना वाटलं, घरीच आली.

२०१९ची फायनल मी एकट्याने पाहिली. केव्हिन अँडरसन आणि ३९ वर्षांचा इवो कार्लोविच. तिन्ही सेट टायब्रेकरला गेले, अँडरसन जिंकला. रात्री फोनवर सगळं ऐकून बाबा म्हणाले, "पुढच्या साली मी बी येतो."

२०२०ला स्पर्धा फेब्रुवारीत होती आणि घरी हरभरा काढायला आला होता. २०२१ला कोरोनामुळे स्पर्धाच झाली नाही. २०२२ला गर्दीची धास्ती. २०२३ला बाबा बॅग भरून तयार होते, तर माझं रिलीज आलं. म्हणालो, "बाबा, पुढच्या वर्षी नक्की."

त्या वर्षी टॅलन ग्रिकस्पूर जिंकला. तीच शेवटची स्पर्धा. २०२४च्या जानेवारीत एटीपीच्या कॅलेंडरमध्ये पुणे नव्हतं, हाँगकाँग होतं.

बाबांना फोन करून सांगितलं. ते जरा थांबले. "जाऊ दे. तूर बरी हाये यंदा."

ते रिलीज कशाचं होतं, हे आता मला आठवतही नाही.