पुढे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर

घरच्या ध्वनिसंचात व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर एकत्र नांदवायचे, तर कोणते काम कोणाकडे सोपवायचे हे आधी ठरवावे लागते, आणि मानवतसारख्या गावी त्या निर्णयात कानाइतकाच उन्हाळ्याचा, विजेच्या दाबाचा आणि जवळपास मिळणाऱ्या कारागिरीचाही वाटा असतो. व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात काचनळी. तिच्यात तापलेल्या कॅथोडपासून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे झेपावतात आणि मधली ग्रिड नावाची जाळी त्यांना आवर घालते. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी ही जाळी बसवली, १९४७ साली बेल प्रयोगशाळेत हेच नियंत्रण घन स्फटिकात साधले आणि ट्रान्झिस्टर जन्मला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले ते १९६१ मध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टर जगभर रुळू लागल्यावर. त्यामुळे आपल्याकडे ही दोन युगे बराच काळ एकाच दुरुस्तीच्या टेबलावर शेजारी शेजारी राहिली.

व्हॉल्व्हच्या आवाजाला सर्रास ‘गोड’ म्हटले जाते, आणि त्या गोडव्याचे कारण सांगता येते. कोणताही वर्धक मूळ स्वरात स्वतःचे काही मिसळतोच. एका ट्रायोडचा, म्हणजे कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असलेल्या व्हॉल्व्हचा, टप्पा जे मिसळतो त्यात दुप्पट कंप्रतेचा अंश सर्वांत मोठा असतो. षड्जाची दुप्पट म्हणजे तार षड्ज. तानपुऱ्याच्या तारेत जो स्वर आधीच निनादत असतो त्यालाच व्हॉल्व्ह किंचित उजाळा देतो, म्हणून ती भर कानाला परकी वाटत नाही. याउलट ट्रान्झिस्टरच्या जोडीला स्थिर प्रवाह कमी पडला, तर लहर एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तिच्यात खाच पडते आणि त्या खाचेतून उपजणारे विषम अंश आलापाच्या नेमक्या हळुवार जागी बोचतात. हा दोष ट्रान्झिस्टरचा नव्हे, जुळणीचा आहे. त्यावरून ट्रान्झिस्टरला कमी लेखणे अन्यायाचे होईल.

मानवतमध्ये मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत चार ईएल ३४ व्हॉल्व्हचा शक्तिवर्धक, म्हणजे स्पीकर चालवणारा वर्धक, खोलीत ठेवला, तर त्यांचे नुसते हीटरच सुमारे ३८ वॅट खातात आणि प्लेटची उष्णता वेगळीच. उलट त्याच्या आधी संकेत सांभाळणाऱ्या पूर्ववर्धकातल्या दोन ईसीसी ८२ च्या हीटरना मिळून ४ वॅटही लागत नाहीत. शिवाय व्हॉल्व्हच्या शक्तिवर्धकाला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो, ज्याच्या दोन गुंडाळ्या थरांआड थर देऊन बांधाव्या लागतात. कापसाच्या आणि विहिरींच्या या मुलखात मोटर वाइंडिंग करणारे हात पुष्कळ आहेत, पण हे काम त्याहून निराळे आहे. ट्रान्झिस्टरला हा ट्रान्सफॉर्मर लागत नाही, आणि त्याचा आउटपुट रोध अत्यल्प असल्याने तो स्पीकरच्या पडद्यावर पकडही चांगली ठेवतो. म्हणून या हवामानात पुढे व्हॉल्व्हचा पूर्ववर्धक आणि मागे ट्रान्झिस्टरचा शक्तिवर्धक, हीच मांडणी योग्य ठरते.

खरी परीक्षा असते ती या दोहोंच्या सांध्यात. ईसीसी ८३ च्या प्लेटवरून थेट घेतलेल्या आउटपुटचा रोध सुमारे ४० हजार ओहम असतो, आणि पुढच्या ट्रान्झिस्टर वर्धकाचा इनपुट रोध १० हजारच असेल, तर चार पंचमांश संकेत वाटेतच जिरतो. त्यासाठी कॅथोड फॉलोअर जोडतात, म्हणजे ज्याचे आउटपुट प्लेटऐवजी कॅथोडवरून घेतले जाते असा टप्पा. त्याने रोध काहीशे ओहमवर येतो. तरीही सांध्यातला कंडेन्सर सवयीने ०.१ मायक्रोफॅराडचा ठेवला, तर त्याच १० हजार ओहमपुढे १६० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरणीला लागतो आणि तबला ऐकू येतो, पण डग्ग्याचा घुमारा हरवतो. अशा वेळी दोष व्हॉल्व्हला दिला जातो, स्पीकर बदलले जातात, आणि कंडेन्सर मात्र तसाच राहतो. तिथे २.२ मायक्रोफॅराडचा, पुरेशा व्होल्टचा कंडेन्सर बसवला की ही सीमा ७ हर्ट्झपर्यंत खाली जाते आणि डग्गा पुन्हा भरून वाजू लागतो.

संच सुरू करताना व्हॉल्व्हचा भाग आधी लावावा, मिनिटभर तापू द्यावा आणि मगच शक्तिवर्धक चालू करावा. बंद करताना क्रम उलटा. वीज जाऊन परत येते तेव्हा दोन्ही भाग एकदम जागे होतात आणि तापत्या व्हॉल्व्हचा धक्का थेट स्पीकरवर आदळू शकतो, म्हणून दिवे जाताच दोन्ही बटणे बंद करण्याची सवय घरातल्या प्रत्येकाने लावून घ्यावी. प्लग काढल्यावरही आतल्या फिल्टर कंडेन्सरमध्ये २५० ते ३०० व्होल्ट साठून राहू शकतात. ते रोधातून उतरवून मीटर शून्य दाखवीपर्यंत चेसिसमध्ये कोणीही हात घालू नये.