पावसाळ्याआधीची मारुती

मे महिना सरत आला की माझा एक रविवार गाडीचा. मारुती ८००, जुनी, कार्बोरेटरवाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणून प्लगही तीनच. तिन्ही काढून वर्तमानपत्रावर मांडले. दोन छान बिस्किटी रंगाचे, तिसऱ्याच्या टोकाला ओलसर काजळी. कोरडी काजळी असती तर पेट्रोल जास्त जातंय म्हटलं असतं. ही तेलकट आहे, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. ते मिस्त्रींना दाखवायचं.

पण इंजिनापेक्षा मला काळजी पत्र्याची. काचेच्या फटीतून दारात उतरलेलं पावसाचं पाणी खालच्या कडेच्या बारीक भोकांतून निघून जातं. ती भोकं मातीने बुजली की पाणी आत साचतं, पत्रा आतून सडत जातो आणि बाहेर रंगाला फुगा येईपर्यंत पत्ताच लागत नाही. केबलटायचं टोक घालून सगळी मोकळी केली. मागच्या उजव्या दारातून ओली माती निघाली, वळवाच्या एका सरीची! मग मॅट उचलली, गंज घासून रेड ऑक्साइड लावलं. या कामात मला मनापासून आनंद मिळतो.

८००चं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी प्लग, फिल्टर अजून सहज मिळतात. घरी काम करताना नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नये. आणि तुमची गाडी जुनी असेल, तर पहिल्या पावसाआधी दारांची ती भोकं तेवढी तपासून घ्या.